२१४७४८३६४७ हाताने तपासली: चौकटीची वही, बॉलपेन आणि २९ पायऱ्या (कामाच्या नोंदी)

१ जून २०२५, रविवार

सुरुवात कुठून झाली ते आधी सांगतो नाहीतर कोणी म्हणेल याला काय धंदा नाही का. मी मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हार्डवेअरच्या एका होलसेल पेढीत अकाउंट बघतो, राहायला भांडुप. मागच्या महिन्यात आमच्या स्टॉकच्या सॉफ्टवेअरमध्ये एका ड्रिल बिटसमोर शिल्लक नग म्हणून २१४७४८३६४७ दिसायला लागले. म्हणजे २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ बिट. शेठ म्हणाले एवढा माल असता तर मी इथे पंख्याखाली बसलो असतो का. सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला तर तो म्हणे त्या खणात मावणारी ती सगळ्यात मोठी संख्या आहे, काहीतरी उलटं झालं की तीच दिसते, दुर्लक्ष करा.

केलं नाही दुर्लक्ष. घरी येऊन वाचत बसलो तर कळलं की ही २ चा ३१ वा घात वजा १ आहे, आणि वर मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही. ऑयलर या गणितज्ञाने १७७२ मध्ये हे हाताने सिद्ध केलं होतं. तेव्हा लाइट नव्हते, कॅल्क्युलेटर नव्हता, आणि त्याची नजरही जवळजवळ गेलेली होती. म्हटलं आपल्याकडे डोळे आहेत, लोकलमध्ये रोज येऊन-जाऊन पावणेदोन तास आहेत, करून बघू.

नियम मीच ठरवलेत. शेवटच्या पायरीपर्यंत कॅल्क्युलेटर, मोबाइल, एक्सेल काही नाही. चुकलेलं पान फाडायचं नाही, आडवी रेघ मारून ठेवायचं. आणि २७ ऑगस्टला गणपती, त्याच्या आत संपवायचं कारण नंतर घरात वही उघडायला जागा नसते.

२ जून, सोमवार

रीत कुठली घ्यायची यावरच आजचा दिवस गेला.

एक रीत ऑयलरची, सरळ भागून बघायचं. वर्गमूळ ४६३४० च्या जरासं पुढे येतं म्हणजे तिथपर्यंतच भाजक बघायचे, आणि त्यातही ऑयलरने दाखवलं की भाजक असलाच तर तो २४८ च्या पटीत १ मिळवून किंवा ६३ मिळवून येणारा असणार. मी मोजले, असे उमेदवार ३७२ भरतात. दुसरी रीत ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाची, जी पुढे लेहमर या अमेरिकन गणितज्ञाने आजच्या सोप्या रूपात आणली. ४ घ्या, वर्ग करा, २ वजा करा, २१४७४८३६४७ ने भागा, बाकी ठेवा. त्या बाकीचा परत वर्ग, परत २ वजा, परत भागाकार. असं २९ वेळा, म्हणजे घातांकापेक्षा दोन कमी. २९ वी बाकी ० आली तर मूळ, काहीही दुसरं आलं तर नाही. हे असं का चालतं ते मला विचारू नका, मी वाचलं, अर्धं समजलं, सोडून दिलं. २०२४ मध्ये सापडलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या, जी ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० आकडी आहे, तिचीही शेवटची खात्री याच चाचणीने केलेली.

३७२ की २९? मी २९ घेतली. इथेच फसलो, पण ते पुढे येईलच.

४ जून, बुधवार

आधी छोट्यावर सराव. २ चा १३ वा घात वजा १ म्हणजे ८१९१, इथे ११ पायऱ्या. पहिल्या वेळी शेवटी ० आलाच नाही. शोधलं तर सातव्या पायरीला ३६ आले होते, त्याचा वर्ग १२९६ लिहिला आणि २ वजा करायचे राहिले, तिथून पुढचं सगळं भलतंच. दुसऱ्या वेळी ४, १४, १९४, ४८७०, ३९५३, ५९७०, १८५७, ३६, १२९४, ३४७०, १२८ आणि मग ०. जमलं. वर्ग करायच्या नादात ते २ विसरतात, म्हणून आता प्रत्येक पानावर आधीच लाल पेनने "वजा २" लिहून ठेवलंय.

उलटी बाजूही बघितली. घात ११ घेतला तर २०४७ येतात, ही मूळ नाही, २३ गुणिले ८९ आहे. तिथे नवव्या पायरीला १७३६ उरले. म्हणजे नाही म्हणायचं असेल तर चाचणी नुसती नाही म्हणते, भाजक कुठले ते सांगत नाही. आणि यातलीच खरी भीती मला आज कळली, की शेवटी ० नाही आला तर संख्या मूळ नाही की माझा हातचा चुकला, हे ओळखायला काही मार्गच नाही. पहिल्या पायरीत चुका नाहीतर अठ्ठाविसाव्या, शेवटी सारखाच कचरा.

७ जून, शनिवार

मोठं काम सुरू. पहिल्या चार पायऱ्या दहा मिनिटांत: १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४. चौथ्यापर्यंत भागायलाही लागत नाही कारण आकडा २१४७४८३६४७ पेक्षा लहानच आहे. बायकोला म्हटलं २९ पैकी ४ झाल्या, आठवड्यात संपवतो.

मग पाचवी. १४१६३१७९५४ चा वर्ग म्हणजे १९ आकडी राक्षस. स्टेशनबाहेरून ११० रुपयांचं लांब रजिस्टर आणलं होतं, त्यात तीन-तीन आकड्यांचे तुकडे पाडून गुणाकार केले, दहा गुणाकार होतात, आणि बेरजेला बसलो तेव्हा रकाने सरकले. आडव्या रेघांच्या वहीत उभी ओळ सरळ राहतच नाही. दोन तास दहा मिनिटं गेली आणि नवाचा ताळा (आकड्यांची बेरीज करत, नऊ वजा करत पडताळायची रीत) जमला नाही. परत केलं. परत नाही जमला. चार तास पाण्यात.

८ जून, रविवार

दोन सुधारणा केल्या, दोन्ही आधीच सुचायला हव्या होत्या.

एक, रजिस्टर बाजूला ठेवून लहान मुलांची चौकटीची वही आणली, ४० रुपयांना एक. एका चौकटीत एक आकडा. हातचा वरच्या चौकटीत बारीक. दुकानदाराने विचारलं मुलगा कितवीत आहे, म्हटलं पहिलीत.

दोन, बाकी मोठी असेल तर तिच्याऐवजी २१४७४८३६४७ मधून ती वजा करून जे येईल त्याचा वर्ग करायचा. वर्गात वजाचं चिन्ह उडून जातं, बाकी तीच येते. १४१६३१७९५४ च्या जागी ७३११६५६९३ मिळाले, नऊ आकडी, ७३१ | १६५ | ६९३ असे तीनच तुकडे, दहाऐवजी सहा गुणाकार. अर्ध्याहून मोठी बाकी आली की हेच करायचं.

भागाकारासाठी एका जुन्या लग्नपत्रिकेच्या मागे पाढा लिहून ठेवला, सगळी वही त्यावर चालणार आहे म्हणून इथे पण देतो:

१ — २१४७४८३६४७
२ — ४२९४९६७२९४
३ — ६४४२४५०९४१
४ — ८५८९९३४५८८
५ — १०७३७४१८२३५
६ — १२८८४९०१८८२
७ — १५०३२३८५५२९
८ — १७१७९८६९१७६
९ — १९३२७३५२८२३

असा पाढा असला की भागाकारात नुसती वजाबाकी उरते. पत्रिका जाड असते, लोकलच्या गर्दीत दुमडत नाही, हा फायदा वेगळा.

पाचवी पायरी: वर्ग वजा २ म्हणजे ५३४६०३२७०६२०१७०२४७, भागाकार २४८९४४०४७, बाकी ६६९६७०८३८. ताळा जमला. एक तास पन्नास मिनिटं.

१५ जून, रविवार

सातपर्यंत आलो. लोकलमध्ये वर्ग, घरी भागाकार अशी वाटणी केलीय कारण भागाकाराला पान मोठं लागतं. सकाळी भांडुपला बसायला मिळणं अवघडच, पण उभ्याने तीन आकडी गुणाकार होतात, वही पुढच्याच्या बॅगेवर टेकवली तर तो आधी चिडतो आणि मग विचारतो हे काय चाललंय. एक कॉलेजचा मुलगा मस्जिद स्टेशनपर्यंत माझ्याबरोबर गुणाकार करत होता, त्याचा एक चुकला, माझे दोन.

२९ जून, रविवार

नववी पायरी झाली, उत्तर १२६९२४२६, फक्त आठ आकडी. मोठं बक्षीसच, कारण पुढचा वर्ग छोटा. दहाव्या पायरीला भागाकार पाचच आकडी आला. पाऊण तासात पायरी संपली, असं आधी कधीच झालं नव्हतं.

६ जुलै, रविवार, आषाढी

साबुदाणा खिचडी आणि बारावी पायरी. उपासाला डोकं चालत नाही असं म्हणतात, माझं चाललं. ताळा पहिल्या फटक्यात.

१३ जुलै, रविवार

चौदा झाल्या. अर्धं काम उरकलं म्हणून जरा माज आला होता, ऑफिसात दोघांना वही दाखवली.

१९ जुलै, शनिवार

माज उतरला.

आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक काका आहेत, बँकेत लेजरवर आयुष्य गेलं, कॉम्प्युटर यायच्या आधीचे. त्यांना जिन्यात सांगितलं तर म्हणाले वही घेऊन ये, मी टिक मारतो. मी आकडे वाचायचे आणि त्यांनी वहीत टिक मारत जायचं, जसं बँकेत करायचे. नवव्या पायरीचं उत्तर मी वाचलं, "एक दोन सहा नऊ दोन चार दोन सहा", आणि काकांनी पुढच्या पानावर बोट ठेवलं. तिथे दहाव्या पायरीच्या डोक्यावर लिहिलं होतं १२६२९४२६.

पान उलटताना ९ आणि २ ची अदलाबदल. लोकलमध्ये उभ्याने उतरवलं होतं, पावसामुळे गाडी कांजूरला अडकलेली आणि मला वाटत होतं वेळेचा किती छान उपयोग करतोय.

म्हटलं पण काका, ताळा जमला होता की. काका हसायला लागले, "अरे, नवाच्या ताळ्याला अदलाबदल दिसत नाही. आकडे तेच, बेरीज तीच. ट्रायल बॅलन्समधला फरक नऊने भागला गेला की पहिला संशय उलट्या आकड्यांवर, हे तुला मी सांगायचं?" दोन्ही आकड्यांतला फरक ६३०००, नऊने जातो. मी वीस वर्षं अकाउंट बघतोय आणि हे मला पाठ आहे, मीच ज्युनियरना शिकवतो. पण वहीत बघितलंच नाही कारण ताळा जमला होता, आणि ताळा जमला की माणूस बघायचं सोडतो.

दहा ते चौदा, पाच पायऱ्या, सात तास, आडवी रेघ.

२० जुलै, रविवार

काकांनीच उपाय दिला. नवाऐवजी नव्व्याण्णवाचा ताळा घ्यायचा. उजवीकडून दोन-दोन आकड्यांच्या जोड्या पाडायच्या, बेरीज करायची, ९९ पेक्षा मोठी झाली की ९९ वजा करत जायचे. शेजारच्या आकड्यांची अदलाबदल इथे पकडली जाते. १२ + ६९ + २४ + २६ म्हणजे १३१, ताळा ३२. चुकीच्याचा १२ + ६२ + ९४ + २६ म्हणजे १९४, ताळा ९५. कसे वेगळे आले बघा.

आणि आमची संख्या या बाबतीत एकदम सज्जन निघाली. २१ + ४७ + ४८ + ३६ + ४७ म्हणजे १९९, ताळा १! म्हणजे भागाकाराला भाजकाच्या ताळ्याने गुणायची भानगडच नाही, भागाकाराचा ताळा अधिक बाकीचा ताळा एवढं केलं की झालं. पाचव्या पायरीवर लगेच लावून बघितलं. ७३११६५६९३ चा ताळा ५, वर्ग २५, वजा २ म्हणजे २३. तिकडे भागाकाराचा ३३, बाकीचा ८९, मिळून १२२, त्यातून ९९ गेले, २३. काकांनी टेबलावर हात मारला, काकूंना वाटलं क्रिकेट चाललंय.

नुसता ताळा काढून भागत नाही, तो उत्तराच्या शेजारी चौकटीत लिहायचा आणि नवीन पानावर आकडा उतरवल्यावर तिथे परत काढून जुळवायचा. माझी चूक गणितात नव्हतीच, उतरवण्यात होती. याला आम्ही शेपूट म्हणतो. आकडा शेपटाशिवाय पान ओलांडणार नाही.

जोड्यांचीच अदलाबदल झाली, म्हणजे १२६९ चं ६९१२, तर हा ताळासुद्धा फसेल. पण तेवढी मोठी चूक डोळ्यांना दिसते, असं काका म्हणतात. एक ते नऊ पायऱ्यांना पण नवीन शेपटं लावली, सगळ्या बरोबर निघाल्या.

२७ जुलै, रविवार

दहा ते चौदा परत केल्या. दहावी आता २०४४५०२१२२. या वेळी पायरीला पन्नास मिनिटंच लागली. हात बसलाय, ९९९ पर्यंतचे बरेच वर्ग आता न मांडता येतात, ८७७ चा वर्ग ७६९१२९ हे मला झोपेतून उठवून विचारा. शाळेत तीसपर्यंतचे पाढे पाठ करताना रडणारा मुलगा मीच.

३ ऑगस्ट, रविवार

नवीन प्रकारचं नुकसान. शुक्रवारी मस्जिद स्टेशनवरून पेढीपर्यंत जाताना पावसाने झोडपलं, बॅगेत वही प्लास्टिकच्या पिशवीत होती पण पिशवीलाच भोक. सोळा ते अठरा पायऱ्यांची पानं ओली झाली आणि मी तेव्हा जेल पेनने लिहीत होतो, सगळं निळं पाणी. सतराव्याचं उत्तर ५१२९_५८८७ असं उरलं, मधला एक आकडा गेला.

एक आकडा पुसला गेला तर ताळ्यावरून परत मिळवता येतो. पण नुसता नवाचा ताळा असता तर इथेही अडकलो असतो, कारण त्याच्या हिशोबाने तिथे ० पण चालतो आणि ९ पण. नेमकं तेच झालं होतं. नव्व्याण्णवाचं शेपूट शेजारच्या पानावर ६३ लिहिलेलं होतं. ० टाकला तर ५४ येतात, ९ टाकले तर ६३. म्हणजे ५१२९९५८८७. एक पायरी वाचली, पन्नास मिनिटं वाचली.

तरी तीनही पायऱ्यांचं वर्गाचं काम वाचता येत नाही, उत्तरं आणि शेपटं तेवढी नवीन पानावर उतरवली. आता फक्त बॉलपेन, दहा रुपयेवालं. रविवारी सगळ्या पानांची झेरॉक्स काढायची.

१० ऑगस्ट, रविवार

बावीस. उत्तर २७२२०५९४ आलं, आठच आकडी, आणि मला विश्वासच बसेना. एकदा पोळलेला माणूस. दीड तास घालवून सगळं परत केलं, तेच आलं. छोटा आकडा म्हणजे चूक असा काही नियम नाही, पंचवीस-तीस वेळा बाकी काढली की एखाद-दुसरी छोटी येणारच, हे मी स्वतःला नंतर समजावलं. वाया गेलेल्या वेळात धरतो.

वाचता वाचता एक मजेशीर माणूस भेटला. पीटर बार्लो नावाचा इंग्रज गणितज्ञ, त्याने १८११ मध्ये लिहिलं की या संख्येपासून बनणारी परिपूर्ण संख्या (म्हणजे स्वतः सोडून बाकी सगळ्या भाजकांची बेरीज जिच्याएवढीच भरते ती) ही आता कायमची सगळ्यात मोठी राहील, कारण अशा संख्या नुसत्या कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत, तेव्हा याच्या पुढची शोधायचे कष्ट कोण घेणार. ती परिपूर्ण संख्या म्हणजे २३०५८४३००८१३९९५२१२८. आणि १८८३ मध्ये पेर्वुशिन नावाच्या रशियातल्या एका पाद्र्याने २ चा ६१ वा घात वजा १ हाताने तपासून मूळ ठरवली, १९ आकडी. ती या रीतीने करायची तर ५९ पायऱ्या आणि प्रत्येक वर्ग ३७ आकड्यांपर्यंत. मी हिशोब केला, माझ्या वेगाने एका पायरीला तीन-चार तास. नको.

उपयोग नाही म्हणावं तर आमच्या स्टॉकच्या खणात हीच संख्या येऊन बसली. जुन्या कॉम्प्युटरांच्या घड्याळातही हीच बसलेली आहे, १९७० पासूनचे सेकंद मोजत मोजत ते १९ जानेवारी २०३८ ला हिच्यावर येऊन अडकणार. आपल्याकडे तेव्हा मंगळवार सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद, म्हणजे ऐन गर्दीची वेळ. स्टेशनवरचे इंडिकेटर कुठल्या कॉम्प्युटरवर चालतात कोण जाणे.

१७ ऑगस्ट, रविवार

सव्वीस. काही नवीन नाही. एकदा हातचा राहिला, शेपटाने लगेच पकडला, पाच मिनिटांत दुरुस्त. जूनमध्ये याच चुकीला दोन तास लागले असते. काका आता रोज रात्री जेवून खाली येतात, त्यांना सत्तावीस आणि अठ्ठावीस स्वतः करायच्या आहेत. म्हटलं टिक मारा, वही माझी आहे.

२४ ऑगस्ट, रविवार

घरात मखराचा थर्माकोल... चुकलो, पुठ्ठा, थर्माकोल बंद आहे. पुठ्ठा पसरलेला, एका कोपऱ्यात मी आणि काका.

सत्तावीस काल रात्री झाली होती, ११८१५३६७०८. अर्ध्याहून मोठी म्हणून उलटी घेतली, ९६५९४६९३९. वर्ग ९३३०५३४८८९६३४६९७२१, वजा २. भागाकार सुरू केला, पत्रिकेवरून एकेक ओळ वजा करत शेवटच्या आकड्यापर्यंत आलो, आणि बाकी उरली ६५५३६.

हा आकडा मी ओळखतो. जुन्या एक्सेलमध्ये ओळी संपायच्या त्या ६५५३६ ला, आमच्या पेढीची मोठी लेजर तिथेच तुटायची, कितीतरी मार्चएंड त्यात गेलेत. २ चा १६ वा घात. २४ पायऱ्या नुसते अंगावर येणारे आकडे आणि एकदम हा ओळखीचा. मी काकांना म्हटलं थांबा, काही बोलू नका.

६५५३६ चा वर्ग ४२९४९६७२९६. वजा २, ४२९४९६७२९४. भागाकार करायला पत्रिका समोर ओढली तर तो आकडा तिथे आधीच लिहिलेला होता, दुसऱ्या ओळीत. बरोब्बर दुप्पट. बाकी ०.

काका म्हणाले परत वाच. परत वाचलं. मग ते उठून काकूंना सांगायला गेले आणि मी सरावाची पानं काढली. तिथे ८१९१ ला शेवटून दुसरी बाकी १२८ होती, तोही २ चाच घात, सातवा, आणि १२८ चा वर्ग वजा २ म्हणजे १६३८२, ८१९१ ची दुप्पट. जूनमध्ये डोळ्यांसमोर होतं आणि दिसलं नव्हतं. मग वाचलं तेव्हा कळलं की मूळ असेल तर शेवटून दुसरी बाकी नेहमी अशीच येते, २ चा घात किंवा त्याची उलटी. म्हणजे एका पायरीआधीच निकाल कळतो. आधी माहीत असतं तर अठ्ठाविसाव्या पायरीची मजा गेली असती, बरं झालं.

त्यानंतर कॅल्क्युलेटर काढला. मोबाइलवर ९६५९४६९३९ चा वर्ग केला तर त्याने अर्धेच आकडे दाखवून पुढे घातांक लिहिला. ठेवून दिला.

३१ ऑगस्ट, रविवार

हिशोब. रजिस्टर ११० (वाया), चौकटीच्या चार वह्या १६०, सहा पेनं ६०, प्लास्टिक फोल्डर ३०, झेरॉक्स ४८, एकूण ४०८ रुपये. वेळ साडेसेहेचाळीस तास, त्यातले साडेबारा सरळ वाया: पाचव्या पायरीचे चार, अदलाबदलीचे सात, बावीसच्या संशयाचा दीड. काकांबरोबरच्या टिक मारण्याचे पाच तास मी वाया धरत नाही.

आता ऑयलरची गोष्ट. परवा सहज त्याच्या रीतीचे पाच भागाकार करून वेळ लावली, दहा आकडी भागिले पाच आकडी, सरासरी चार मिनिटं. ३७२ भागाकार म्हणजे पंचवीस तास. त्यातही ज्यांना ३, ५, ७ असल्या लहान आकड्यांनी भाग जातो ते गाळत जायचे, खरे मूळ भाजक ऐंशीएक उरतात, म्हणजे गाळायचा वेळ सोडून साडेपाच तास. आणि तिथे एक भागाकार चुकला तर तो एकच चुकतो, पुढचे नासत नाहीत. मी २९ हा आकडा लहान बघून भुललो. कोणी पहिल्यांदाच करणार असेल तर त्याने ऑयलरनेच करावं. संख्या मोठी होत गेली की मात्र भागून बघणं शक्यच राहत नाही, तिथे ल्यूकाच.

तरीही कोणाला हीच रीत करायची असेल तर माझे टप्पे देतो, वाटेत जुळवून बघा: पाचवी ६६९६७०८३८, दहावी २०४४५०२१२२, पंधरावी ६३०८५३८५३, विसावी १९९२४२५७१८, पंचविसावी ११५९२५१६७४. शेपटं स्वतः काढा.

पत्रिका आता तिसऱ्या मजल्यावर आहे. काका म्हणाले त्यांना काही घाई नाही, ते सगळे ३७२ तपासणार, गाळाबिळायचं नंतर बघू. पहिला २४९ होता, तो ३ ने जातो म्हणून तेवढा सोडला. काल रात्री ३११ ने भागून झालं. बाकी ३५.